लिपिड प्रोफाईल बिघडलंय आणि दोनदा गर्भ टिकला नाही, याचा एकमेकांशी संबंध किती?

ताई, तुमचा प्रश्न बराच लांब आहे म्हणून आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ३१, नाशिक, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४ किलो, पीसीओडी लग्नाआधीपासून. दीड वर्षात दोनदा दिवस राहिले, पहिल्यांदा ठोके आलेच नाहीत, दुसऱ्यांदा ठोके दिसले आणि नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ते थांबलेले होते, दोन्ही वेळा क्युरेटिंग झालं. आता फॅमिली डॉक्टरांनी लिपिड प्रोफाईल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करायला लावलं त्यात टोटल कोलेस्टेरॉल २२८, ट्रायग्लिसराईड २८६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३५ आलं. त्यांनी कोलेस्टेरॉल कमी करायची रोसुवास्टॅटिन १० ची गोळी लिहून दिलीय. घरात सगळ्यांचं ठरलंय की रक्तात चरबी साचली म्हणून बाळापर्यंत रक्त पोचलं नाही, आणि सासूबाईंनी तुमच्या ताटातलं तूप बंद केलंय. तुमचे प्रश्न तीन, कारण हेच का, गोळी घेऊ का, आणि पुढचा चान्स कधी घेऊ.

आधी उत्तर सांगून टाकते. या आकड्यांमुळेच दोन्ही गर्भ गेले असं कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि सांगत असेल तर ते चूक आहे. पण म्हणून रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकून द्यायचा असंही नाही, कारण तो दुसरंच काहीतरी सांगतोय, त्यावर खाली येते. आणि रोसुवास्टॅटिन तुमच्यासारख्या लवकर चान्स घेऊ बघणाऱ्या बाईला या आकड्यांसाठी तरी लागत नाही असं माझं मत आहे.

आता ते "चरबीनं रक्त अडलं" प्रकरण. हे ऐकायला इतकं पटतं ना, की डॉक्टरसुद्धा कधीकधी पेशंटला समजावताना असंच सांगून मोकळे होतात. पण सात-आठ-नऊ आठवड्यांच्या गर्भाला आईचं रक्त अजून मोठ्या प्रमाणात मिळायला लागलेलंच नसतं! गर्भपिशवीतल्या ज्या नागमोडी रक्तवाहिन्या पुढे वारेला रक्त देतात, त्यांची तोंडं या काळात गर्भाच्याच पेशींनी बुचासारखी बंद केलेली असतात, ती साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत हळूहळू मोकळी होतात. तोपर्यंत गर्भाचं पोषण पिशवीच्या अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावावर होतं आणि ऑक्सिजनही मुद्दाम कमीच असतो, तो फार लवकर वाढला तरच उलट नुकसान होतं. केंब्रिजचे ग्रॅहम बर्टन आणि लंडनचे एरिक जॉनियो यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. तेव्हा हार्टच्या नळीत जसा ब्लॉक होतो तसं काही तुमच्या पोटात झालं नव्हतं, हे चित्र डोक्यातून काढून टाका, आणि तुम्ही खाल्लेल्या तुपानं तर नाहीच नाही.

मग गर्भ जातात कशामुळे? लवकर जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास, काही अभ्यासांत त्याहून जास्त, गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते, म्हणजे बीज आणि शुक्राणू एकत्र येताना किंवा त्याच्याही आधी एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी पडलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा निव्वळ योगायोगानं होतं. सोनोग्राफीत दिसलेल्या गर्भधारणांपैकी दहा ते वीस टक्के अशा पहिल्या तीन महिन्यांत थांबतात, चाळिशीनंतर हे प्रमाण बरंच वाढतं. तुमच्या दोन्ही वेळेला काय झालं ते आता सांगता येणार नाही कारण तुम्ही पाठवलेल्या कागदांत फक्त "प्रॉडक्ट्स ऑफ कन्सेप्शन दिसले" एवढाच हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट आहे, म्हणजे नमुना फॉर्मॅलिनमध्ये गेला. फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की पेशी मरतात, मग पेशी वाढवून करायचा कॅरिओटाईप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, होत नाही. देव न करो पण पुन्हा अशी वेळ आली तर क्युरेटिंगच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं की थोडा नमुना सलाईनच्या निर्जंतुक डबीत घ्या, जेनेटिक टेस्टला पाठवायचाय. दोन-तीनदा गर्भ गेलेल्या प्रत्येकीला मी हे सांगते, कारण त्या एका डबीतून जे कळतं ते पुढच्या पंधरा रक्ततपासण्यांतून कळत नाही. टेस्ट स्वस्त नाहीये हे मान्य, पण गुणसूत्रांचा दोष निघाला तर स्वतःला दोष देणं तरी थांबतं.

आता लिपिडचा खरा संबंध. कोलेस्टेरॉल मुळात शत्रू नाहीये, प्रोजेस्टेरॉन त्याच्यापासूनच बनतं. बीज फुटल्यावर अंडाशयात जो पिवळा गोळा राहतो, कॉर्पस ल्युटियम, तो रक्तातलं एलडीएल उचलतो आणि त्याचं प्रोजेस्टेरॉन करतो, आणि पहिले सात-आठ आठवडे सगळी गाडी त्याच्यावरच चालते. १९७०च्या दशकात चापो नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं होतं की सातव्या आठवड्याच्या आधी हा गोळा काढला तर गर्भ पडतो आणि नवव्यानंतर काढला तर टिकतो, कारण तोवर वार ते काम हातात घेते. सांगायचा मुद्दा, कोलेस्टेरॉल शून्यावर आणायची धडपड या काळात वेडेपणाची आहे.

पण तुमच्या रिपोर्टमध्ये मला एलडीएल १३५ पेक्षा दुसरीच जोडी खटकते, ट्रायग्लिसराईड २८६ आणि एचडीएल ३६. बायकांमध्ये एचडीएल ५० च्या वर हवं, ट्रायग्लिसराईड १५० च्या खाली. ही जोडी एकत्र आली, त्यात पीसीओडी, त्यात पोटावरचं वजन, की बहुतेक वेळा मागे इन्सुलिन रेझिस्टन्स असतो. म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, लिव्हर जास्तीच्या साखरेचं ट्रायग्लिसराईड करून रक्तात ढकलतं, आणि तेच जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त करायला लावतं, बीज नीट पिकत नाही, पिशवीचं अस्तर नीट तयार होत नाही, रक्तातली गुठळी विरघळवणारी यंत्रणाही जरा मंदावते. लठ्ठपणा, पीसीओडी, कंट्रोलमध्ये नसलेली शुगर यांच्यात गर्भ जाण्याचं प्रमाण जास्त दिसतं आणि यांच्यातच लिपिडही बिघडलेलं असतं. मग लिपिड बिघडल्यामुळे गर्भ जातो की दोन्ही एकाच मुळातून येतं? अभ्यास जे आहेत ते बहुतेक निरीक्षणाचे आहेत. उदाहरणार्थ अमेरिकेत मिशिगन आणि टेक्सासमधल्या ५०१ जोडप्यांवर झालेला लाईफ स्टडी, २०१४ साली आला, त्यात रक्तात फ्री कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या जोडप्यांना दिवस राहायला जास्त वेळ लागला असं दिसलं, आणि गंमत म्हणजे नवरा-बायको दोघांचंही जास्त असेल तर सगळ्यात उशीर. पण ते दिवस राहायला लागलेल्या वेळाबद्दल आहे, गर्भ टिकण्याबद्दल नाही. लिपिडची गोळी दिली आणि गर्भपात कमी झाले असं दाखवणारा भरवशाचा ट्रायल नाहीये. प्रयोगशाळेत खराब झालेलं म्हणजे ऑक्सिडाईज्ड एलडीएल वारेच्या पेशींना पिशवीत रुजायला अडथळा करतं असं दिसतं, पण काचेच्या बशीतलं आणि बाईच्या पोटातलं सारखं नसतं. थोडक्यात वीजबिल जास्त आलं तर मीटर बदलून काही होत नाही, घरात वीज कोण खातंय ते बघायला लागतं.

आणि हे आकडे बघून हाय खाऊ नका. आयसीएमआर-इंडियाब नावाचा मोठा सर्वे झाला होता, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड होतं, त्यात ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी आणि २९.५ टक्के लोकांचं ट्रायग्लिसराईड जास्त निघालं, आणि लिपिडचा कुठलातरी एक आकडा बिघडलेले ७९ टक्के. म्हणजे तुमच्या सोसायटीतल्या पाचपैकी चार जणांचा रिपोर्ट कुठेतरी लाल येईल, आणि त्यातल्या कितीतरी बायकांना दोन-तीन धडधाकट मुलं आहेत!

अजून एक गोष्ट, तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की पाळी रेग्युलर व्हायला दोन महिन्यांपासून २१ गोळ्यांचं पाकीट चालू आहे. अहो ताई, हे आधी सांगायचं होतं! त्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं आणि इस्ट्रोजेननं ट्रायग्लिसराईड वाढतं, आधीच जरा जास्त असेल तर चांगलंच वाढतं. म्हणजे २८६ मधलं तुमचं किती आणि गोळीचं किती हे आत्ता कळत नाही. त्या बंद झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी परत करा, तेव्हा रात्रीचं जेवण साधं घ्या आणि सकाळी उपाशीपोटी द्या. एरवी जेवून दिलं तरी चालतं पण ट्रायग्लिसराईडचा प्रश्न असेल तर उपाशी बरं, आणि ते ४०० च्या वर असेल तर लॅबवाले जे हिशोब करून एलडीएल काढतात तेही चुकतं. दिवस गेलेले असताना मात्र लिपिड करायच्या भानगडीत पडू नका, तेव्हा ते वाढायलाच हवं, शेवटच्या तिमाहीत ट्रायग्लिसराईड दुप्पट ते चौपट होतं ते बाळासाठीच असतं. त्याला अपवाद ज्यांचं आधीच पाचशेच्या वर असतं त्यांचा, त्यांना पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

मला लिपिडपेक्षा जास्त काळजी तुमच्या फाईलमध्ये जे नाहीये त्याची वाटते. दोन गर्भ गेल्यावर ज्या तपासण्यांना खरंच अर्थ आहे त्यातली एकही पूर्ण झालेली दिसत नाही, आणि टॉर्च टेस्ट, म्हणजे काही ठराविक इन्फेक्शनची रक्ततपासणी, मात्र दोनदा झालीय. टॉर्चनं वारंवार गर्भपाताचं काही कळत नाही, मोठ्या गाईडलाईन्स ती करायला सांगत नाहीत, तरी आपल्याकडे पहिल्या भेटीत ती लिहिली जाते आणि मग आयजीजी पॉझिटिव्ह आलं म्हणून बाई घाबरून औषधं खाते, जेव्हा त्याचा अर्थ एवढाच की कधीतरी ते इन्फेक्शन होऊन गेलंय. त्याऐवजी अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीज, म्हणजे रक्तात गुठळ्या करू शकणाऱ्या अँटीबॉडीजची तपासणी करा, त्यात ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन असे तिन्ही भाग, आणि पॉझिटिव्ह आलं तर १२ आठवड्यांनी परत, कारण एखाद्या तापानंतरही तात्पुरतं पॉझिटिव्ह येतं. हे मी आग्रहानं सांगतेय कारण या एका कारणाला खरा इलाज आहे, कमी डोसची ॲस्पिरिन आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं. नावात फॉस्फोलिपिड आहे म्हणून त्याचा कोलेस्टेरॉलशी संबंध लावू नका, कितीतरी जणी लावतात. मग टीएसएच, याचा मात्र लिपिडशी थेट संबंध आहे, थायरॉईड मंद असेल तर एलडीएल वाढतं आणि गर्भालाही त्रास होतो, आणि थायरॉईडची गोळी चालू केली की कोलेस्टेरॉल आपोआप खाली येतं. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, करा, पीसीओडीवाल्यांनी उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांची शुगर पण करावी, नुसत्या उपाशीपोटीच्या शुगरमध्ये सुरुवातीचा बिघाड लपून राहतो. पिशवीत पडदा वगैरे आहे का ते बघायला थ्रीडी सोनोग्राफी. नवरा-बायकोचा कॅरिओटाईप प्रत्येकाला लागतोच असं नाही. एनके सेल (प्रतिकारशक्तीच्या पेशी), एमटीएचएफआर (एक जनुक) यांच्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. आणि काही कारण सापडलं नाही तरी "सेफ्टी म्हणून" पोटात हेपॅरिन टोचत बसणं मला पटत नाही, आनुवंशिक थ्रॉम्बोफिलिया, म्हणजे रक्त लवकर गोठण्याची जन्मजात प्रवृत्ती, असलेल्यांमध्येसुद्धा २०२३ च्या अलाईफ-टू ट्रायलमध्ये त्याचा फायदा दिसला नाही.

आता स्टॅटिन, म्हणजे तुमची रोसुवास्टॅटिन ज्या गटातली आहे ती गोळी. पूर्वी गरोदरपणात ही पूर्ण बंदीच्या यादीत होती, २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, तो सरसकट मनाईचा शब्द काढायला सांगितला, पण त्याचा अर्थ बिनधास्त घ्या असा नाही, बहुतेक बायकांनी दिवस राहिल्यावर बंदच करायची असंच त्यांनीही म्हटलंय. हार्टवाल्यांच्या २०१८ च्या अमेरिकन गाईडलाईनप्रमाणे चान्स घ्यायच्या एक ते दोन महिने आधी थांबवायची. तुमच्या डॉक्टरांना बहुतेक माहीतच नसेल की तुम्ही पुन्हा प्रयत्न करणार आहात, त्यांना फोन करून स्पष्ट सांगा, ते स्वतःच बंद करतील. ३१ व्या वर्षी, शुगर नसेल तर, १३५ एलडीएलला स्टॅटिनची घाई नसते आणि २८६ ट्रायग्लिसराईडला ती मुख्य औषध नाही. हां, एखादीचं एलडीएल १९० च्या वर असेल, वडिलांना किंवा भावाला पन्नाशीच्या आत अटॅक आलेला असेल, तर गोष्ट वेगळी, तो घराण्यातून येणारा कोलेस्टेरॉलचा आजार असू शकतो, तिनं परस्पर गोळी बंद न करता हृदयाचे आणि स्त्रीरोगाचे डॉक्टर दोघांना एकत्र विचारून प्लॅन करावा. आणि कोणी गोळी चालू असतानाच गरोदर राहिली असेल तर लगेच गर्भ पाडायचा विचार करू नये, जवळपास नऊ लाख गर्भधारणांच्या २०१५ साली आलेल्या अमेरिकन अभ्यासात इतर गोष्टी हिशोबात धरल्यावर व्यंगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नव्हतं. गोळी थांबवायची आणि वेळेवर सोनोग्राफी करायची, बस.

खाण्याचं बोलू. ट्रायग्लिसराईड तुपानं जेवढं वाढत नाही तेवढं साखर, मैदा आणि भाताच्या डोंगरानं वाढतं. तुम्ही दिवसभराचं खाणं लिहिलंय ते बघा, सकाळी चहाबरोबर चार खारी, अकराला पुन्हा चहा-बिस्किट, दुपारी तीन पोळ्या, भाजी आणि वाटीभर वरण-भात, पाचला चहा आणि फरसाण, रात्री भातच मुख्य. त्यात सोमवार आणि चतुर्थी, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ, त्यात ना प्रोटीन ना फायबर, उपासाच्या दिवशी तुमची शुगर आणि ट्रायग्लिसराईड इतर दिवसांपेक्षा जास्त उडत असणार. उपास सोडा असं मी म्हणत नाही, राजगिरा, दही, दाणे, एखादं फळ यावर होतो की उपास, वरईसुद्धा ताटलीभर नको. खारी आणि बेकरीची बिस्किटं मात्र बंदच करा, ती मैदा आणि वनस्पती तुपाची असतात. २०२२ पासून कायद्यानं ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर आणलंय पण म्हणून मैदा काही पौष्टिक होत नाही. पोळीवर चमचाभर घरचं तूप राहू द्या, सासूबाईंना सांगा डॉक्टरांनीच सांगितलंय. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली उसळ, जवसाची चटणी, मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, तळून नाही. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालणं, दोन्ही वेळच्या जेवणानंतर, हे सगळं एकदाच चालून टाकण्यापेक्षा शुगरला जास्त मानवतं. आणि वजन ५५ वर आणा असलं काही मी सांगणार नाही, ७४ चं ७० झालं तरी पाळी, इन्सुलिन, ट्रायग्लिसराईड तिन्हींत फरक पडतो. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचा, शुगर बॉर्डरला असेल तर, विचार करता येईल पण ते गर्भपात थांबवायचं औषध नाही. मिस्टरांनाही याच ताटात बसवा, त्यांचं पोट, तंबाखू, झोप यांचा शुक्राणूवर परिणाम होतो आणि अर्धी गुणसूत्रं तिकडूनच येतात, पण तपासण्यांची फाईल नेहमी बाईचीच जाड होते.

चान्स कधी घ्यायचा? क्युरेटिंगनंतर सहा महिने थांबायलाच हवं असं आता मानत नाहीत, एक पाळी येऊन गेली आणि मन तयार असेल तर शरीराची हरकत नसते. तुमच्या बाबतीत तपासण्या व्हायला आणि वजन थोडं हलायला तीन-चार महिने जातील, तेवढे घ्या, वर्षभर थांबू नका. फॉलिक ॲसिड मात्र आत्तापासून, बहुतेकींना ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, डायबेटिस निघाला तर ५ मिलिग्रॅम.

पाळी चुकून टेस्ट पॉझिटिव्ह आली की दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला पळायचं नाही, साधारण सात आठवडे पूर्ण होताना पहिली करा. फार लवकर केली की ठोके दिसत नाहीत आणि उगाच घरात रडारड होते, गर्भाची लांबी ७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल आणि ठोके नसतील तर आठवड्याभरानं परत बघायचं असतं, त्याच दिवशी निकाल लावायचा नसतो. प्रोजेस्टेरॉनबद्दल विचाराल म्हणून सांगते, ब्लीडिंग होत नसताना सरसकट दिल्यानं फरक पडला नाही. २०१५ च्या प्रॉमिस ट्रायलमध्ये तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्या आणि कारण न सापडलेल्या बायका होत्या, औषध घेतलेल्यांत ६५.८ टक्के आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत ६३.३ टक्के जणींना मूल झालं. हा दुसरा आकडा नीट बघा, तीन-तीन गर्भपातानंतर, काहीही खरं औषध न घेता, शंभरात ६३! पण आधी गर्भ गेलेला असेल आणि या वेळी डाग दिसायला लागले तर मात्र प्रोजेस्टेरॉनचा थोडा उपयोग होतो, २०१९ च्या प्रिझम ट्रायलमध्ये अशा बायकांत ७० चे ७५ टक्के झाले. तेव्हा डाग दिसले तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा, नुसतं पडून राहून काही होत नाही, स्वयंपाक, ऑफिस, जिना सगळं चालतं. आणि पीसीओडी असल्यामुळे शुगरची तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्या, पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत थांबू नका, पहिल्या वेळी नॉर्मल आली तरी तेव्हा पुन्हा करायचीच आहे.